भूसंपर्क नसलेल्या घरात चाचणी-उपकरणांचा वापर

भूसंपर्क नसलेल्या घरात चाचणी-उपकरणांचा वापर हा विद्युत सुरक्षेतील एक विषय आहे. ज्या घराच्या वीजजोडणीत भूसंपर्क तार (अर्थिंग) नाही, मध्येच तुटलेली आहे किंवा केवळ नावापुरती आहे, अशा ठिकाणी ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, फंक्शन जनरेटर, टेबलावरील पॉवर सप्लाय, सोल्डरिंग आयर्न इत्यादी साधने वापरताना निर्माण होणारे धोके आणि ते टाळण्याचे उपाय यांचा त्यात विचार होतो. घरगुती प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी, हौशी रेडिओचालक आणि लहान दुरुस्ती-व्यावसायिक यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. बहुतेक चाचणी-उपकरणांची रचना भूसंपर्क उपलब्ध असेल असे गृहीत धरून केलेली असते. ते गृहीत चुकीचे ठरले तरी उपकरण नेहमीप्रमाणे चालते आणि मापनही बरोबर दाखवते. त्यामुळे धोका लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असा एककला (सिंगल फेज) असतो. वितरण रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मर) तटस्थ बिंदू जमिनीला जोडलेला असतो. त्यामुळे घरात येणाऱ्या दोन तारांपैकी तटस्थ तार (न्यूट्रल) जमिनीच्या विभवाच्या जवळपास असते, तर वीजयुक्त तार (फेज) जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने फक्त एका तारेला स्पर्श केला तरी धक्का बसतो, तो याच कारणाने.

भारतात प्रचलित असलेले गोल पिनांचे तीन-पिनी प्लग ब्रिटनमधील बीएस ५४६ या मानकापासून आले. त्यातील भूसंपर्काची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड व लांब असते. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते व काढताना सर्वांत शेवटी सुटते. जुने वाडे, चाळी व खेडेगावांतील घरे यांमध्ये मात्र लाकडी पट्टीवरून नेलेल्या दोन तारांच्या जोडण्या आणि दोन-पिनी सॉकेट अजूनही आढळतात. काही ठिकाणी सॉकेट बदलून तीन-पिनी बसवलेले असते, परंतु त्याच्या वरच्या भोकामागे कोणतीही तार नसते. अशी जोडणी सर्वांत फसवी होय, कारण ती बाहेरून ओळखता येत नाही.

भूसंपर्क तारेचे कार्य

धातूची पेटी असलेल्या उपकरणात ती पेटी भूसंपर्क तारेला जोडलेली असते. आतील वीजयुक्त तारेचे आवरण निघून ती पेटीला चिकटली, तर मोठी धारा भूसंपर्क तारेतून वाहते. या धारेमुळे वितळतार (फ्यूज) वितळते किंवा संरक्षक खटका (एमसीबी, आरसीसीबी) पडतो आणि पुरवठा खंडित होतो. भूसंपर्क नसेल तर असा कोणताही मार्ग उपलब्ध नसतो. पेटी २३० व्होल्टवर राहते आणि तिला हात लावणाऱ्या माणसाचे शरीर हाच जमिनीकडे जाणारा मार्ग ठरतो.

सर्वच उपकरणांना भूसंपर्क लागतो असे नाही. ज्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते, ती दुहेरी विद्युतरोधन असलेली (दुसऱ्या वर्गातील) उपकरणे दोन पिनांवर सुरक्षितपणे चालतात. मोबाइलचे अनेक चार्जर या वर्गात मोडतात. विजेवर चालणारे टेबलावरील बहुतेक ऑसिलोस्कोप मात्र पहिल्या वर्गातील असून त्यांची सुरक्षा भूसंपर्कावरच अवलंबून असते.

शरीरावरील परिणाम

धक्क्याची तीव्रता शरीरातून जाणाऱ्या धारेवर आणि ती किती वेळ वाहते यावर ठरते. सुमारे अर्ध्या मिलिअँपिअरपासून झिणझिण्या जाणवू लागतात. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आकसतात आणि पकडलेली वस्तू सोडणे अनेकांना अशक्य होते. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांच्या प्रयोगांत ही ‘सोडता येण्याची मर्यादा’ पुरुषांसाठी सरासरी १६ व स्त्रियांसाठी सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्याहून मोठी धारा छातीतून काही काळ वाहत राहिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. ओल्या हातांनी व अनवाणी पायांनी शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. अशा स्थितीत २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर धारा वाहू शकते. पावसाळ्यात ओल धरलेली फरशी हा धोका आणखी वाढवते.

पेटीवर येणारा विद्युतदाब

भूसंपर्क नसलेल्या घरात धातूच्या उपकरणाला हात लावताच बारीक झिणझिण्या येणे किंवा त्यावर टेस्टरचा दिवा मंद पेटणे हा अनुभव सर्वपरिचित आहे. त्यामागे नेहमीच बिघाड असतो असे नाही. आधुनिक उपकरणांच्या प्रवेशाशी विद्युत गोंगाट रोखणारा फिल्टर असतो. त्यात वीजयुक्त तार ते पेटी व तटस्थ तार ते पेटी अशी दोन लहान धारित्रे (कपॅसिटर) जोडलेली असतात. भूसंपर्क असला तर त्यांतून येणारी किरकोळ गळती-धारा जमिनीत जाते. भूसंपर्क नसला तर ही दोन समान धारित्रे विद्युतदाबाची विभागणी करतात आणि पेटी निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते.

ही धारा किती असते, हे साध्या गणिताने काढता येते. धारित्र २.२ नॅनोफॅरडचे असेल तर पेटीतून जमिनीकडे जास्तीत जास्त सुमारे ०.१६ मिलिअँपिअर धारा वाहते. ती सहसा जाणवत नाही व जीवघेणीही नसते. मात्र एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर अशी पाच उपकरणे लावली आणि त्या बोर्डाची भूसंपर्क तार पुढे कोठेही जोडलेली नसली, तर सर्व पेट्या त्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात. गळती-धारांची बेरीज सुमारे ०.८ मिलिअँपिअर होते आणि झिणझिण्या स्पष्ट जाणवतात. याहून गंभीर गोष्ट अशी, की त्यांपैकी एका उपकरणात खरा बिघाड झाला, तर पूर्ण २३० व्होल्ट उरलेल्या चारही निर्दोष उपकरणांच्या पेट्यांवर येतात.

जी गळती माणसाला जाणवतही नाही, ती इलेक्ट्रॉनिक घटकांना घातक ठरू शकते. मॉसफेट प्रकारच्या अनेक ट्रान्झिस्टरांचे गेट सुमारे २० व्होल्टपर्यंतच दाब सहन करते. भूसंपर्क नसलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक किंवा ऑसिलोस्कोपची क्लिप अशा घटकाला प्रथम टेकताच तो निकामी होऊ शकतो. ‘काहीही चूक नसताना घटक जळतात’ या तक्रारीमागे कधीकधी हेच कारण असते.

ऑसिलोस्कोपचा विशेष धोका

मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब जमिनीपासून विलग असतात. त्यामुळे तो परिपथातील कोणत्याही दोन बिंदूंमध्ये, त्याच्या मर्यादेत, जोडता येतो. ऑसिलोस्कोपचे तसे नसते. प्रोबची सुसरतोंडी क्लिप, बीएनसी जोडणीचे बाहेरचे धातूचे कवच, उपकरणाची पेटी आणि प्लगची भूसंपर्क पिन हे सारे विद्युतदृष्ट्या एकच असते. क्लिप कोठेही जोडली तरी तो बिंदू पेटीला जोडला जातो.

ही क्लिप चुकून वीजयुक्त तारेला लागली, तर भूसंपर्क असलेल्या घरात ठिणगी उडते, एमसीबी पडतो आणि प्रोब किंवा ऑसिलोस्कोप जळू शकतो. नुकसान होते, पण चूक तत्काळ कळते. भूसंपर्क नसलेल्या घरात ठिणगी उडत नाही आणि खटकाही पडत नाही. पडद्यावर सुबक तरंग दिसतो. परंतु ऑसिलोस्कोपची संपूर्ण पेटी, मोकळ्या चॅनेलचे कवच आणि त्याला तारेने जोडलेला संगणक किंवा फंक्शन जनरेटर हे सर्व २३० व्होल्टवर गेलेले असते.

एलईडी दिव्याचे ड्रायव्हर आणि एसएमपीएस प्रकारचे वीजपुरवठे यांच्या दुरुस्तीत ही चूक वारंवार घडते. त्यांत वीज प्रथम चार डायोडांच्या सेतूतून जाऊन मोठ्या धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाब साठतो. या धारित्राचे ऋण टोक आकृतीत ‘ग्राउंड’च्या चिन्हाने दाखवलेले असते, म्हणून विद्यार्थी क्लिप तेथे लावतात. प्रत्यक्षात ते टोक जमिनीच्या विभवावर नसते. प्रत्येक आवर्तनात ते शून्यापासून उणे ३२५ व्होल्टपर्यंत खालीवर होत असते. आकृतीतील ग्राउंड हा केवळ त्या परिपथाचा संदर्भबिंदू आहे, जमीन नव्हे. स्वस्त एलईडी दिव्यांच्या अनेक ड्रायव्हरांमध्ये विलगन नसतेच. त्यामुळे त्यांची खालच्या दाबाची वाटणारी बाजूही वीजयुक्त समजावी लागते.

भूसंपर्काची तपासणी

तीन-पिनी सॉकेटमध्ये मल्टिमीटरने तीन मापने घेतात. वीजयुक्त व तटस्थ यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट, वीजयुक्त व भूसंपर्क यांमध्ये जवळपास तेवढाच, आणि तटस्थ व भूसंपर्क यांमध्ये काही थोडे व्होल्ट दाब मिळाला, तर भूसंपर्क असण्याची शक्यता आहे. हा पुरावा मात्र निर्णायक नसतो. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १० दशलक्ष ओहम असल्याने कोठेही न जोडलेल्या, पण वीजयुक्त तारेशेजारून जाणाऱ्या तारेवरही तो काही दाब दाखवतो. शिवाय भूसंपर्क भोक मागून तटस्थ तारेलाच जोडलेले असेल, तरी तिन्ही मापने निर्दोष भासतात.

वीजयुक्त तार आणि भूसंपर्क यांमध्ये बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धत धोकादायक आहे. भूसंपर्क तार जमिनीला जोडलेली नसेल, तर बल्ब पेटत नाही, पण त्याच्या तंतूतून घरातील सर्व भूसंपर्क तारा आणि त्यांना जोडलेल्या फ्रिज, इस्त्री, धुलाई यंत्र यांच्या पेट्या वीजयुक्त होतात. विश्वसनीय तपासणीसाठी परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर वापरून भूसंपर्काचा रोध मोजून घेणे आवश्यक असते.

प्रचलित पण घातक उपाय

भूसंपर्क पिन तोडणे: तीन-पिनी प्लगची वरची पिन कापून किंवा दोन-पिनी अडॅप्टर लावून ऑसिलोस्कोप ‘तरंगता’ ठेवण्याची पद्धत दुरुस्ती-व्यवसायात रूढ आहे. यामुळे लघुपथन (शॉर्टसर्किट) टळते, परंतु पेटी वीजयुक्त होण्याचा धोका जाणूनबुजून पत्करला जातो. ऑसिलोस्कोपला यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर चालवल्यानेही हा धोका टळत नाही.

भूसंपर्क पिन तटस्थ तारेला जोडणे: सॉकेटमध्येच दोन्ही भोके तारेच्या तुकड्याने जोडली जातात. सर्व काही ठीक असेपर्यंत हे चालते. तटस्थ तार कोठे सैल झाली किंवा तुटली, की सुरू असलेल्या उपकरणांमधून पूर्ण २३० व्होल्ट त्यांच्या पेट्यांवर येतात. जुन्या जोडणीत वीजयुक्त व तटस्थ तारांची अदलाबदल झालेली असेल, तर पेटी पहिल्या क्षणापासूनच वीजयुक्त असते.

नळाला तार बांधणे: पूर्वीचे लोखंडी नळ आता अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या तुकड्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे जमिनीशी संपर्क राहीलच असे नाही. चाळीत किंवा इमारतीत नळ सामाईक असेल, तर एका घरातील बिघाडाचा धक्का शेजारच्या मोरीत बसू शकतो.

सिरीज बोर्डवर विसंबणे: दुरुस्तीच्या दुकानात उपकरणाशी बल्ब एकसरीत जोडून ते तपासतात. लघुपथनात घटक जळू नयेत यासाठी ही युक्ती उत्तम आहे, पण माणसाला तिचा उपयोग नाही. ६० वॅटच्या बल्बमधून सुमारे २६० मिलिअँपिअर धारा जाऊ शकते आणि ती प्राणघातक मर्यादेच्या कितीतरी पट आहे.

डिमरस्टॅट किंवा स्टॅबिलायझर वापरणे: डिमरस्टॅट (व्हेरिअॅक) आणि घरगुती स्टॅबिलायझर यांत सामान्यतः एकच गुंडाळी असलेले स्वयंरोहित्र असते. दाब कमीजास्त झाला तरी परिपथ मुख्य वाहिनीपासून विलग होत नाही.

सुरक्षित उपाय

योग्य भूसंपर्क: खरा उपाय म्हणजे घराला भूसंपर्क करून घेणे. भारतात आयएस ३०४३ हे भारतीय मानक भूसंपर्काची पद्धत सांगते. जमिनीत पुरलेला पाइप, पट्टी किंवा तांब्याची अथवा जस्तलेपित लोखंडाची प्लेट यांपासून आणलेली तार प्रत्येक तीन-पिनी सॉकेटपर्यंत अखंड नेली जाते. खडकाळ जमिनीत भूसंपर्काचा रोध जास्त भरतो आणि उन्हाळ्यात जमीन सुकल्यावर तो आणखी वाढतो. हा रोध ५० ओहम असेल, तर बिघाडाच्या वेळी फक्त ४.६ अँपिअर धारा वाहते. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि पेटी वीजयुक्तच राहते. म्हणूनच केवळ सळई पुरून भागत नाही. तिला आरसीसीबीची जोड द्यावी लागते.

आरसीसीबी: हा खटका वीजयुक्त व तटस्थ तारांतील धारांची तुलना करतो. त्यांत ठरावीक फरक पडला, म्हणजे काही धारा अन्य मार्गाने जमिनीत जाऊ लागली, की तो पुरवठा तोडतो. व्यक्तीच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. या धारेला तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि तिच्या पाचपट धारेला ०.०४ सेकंदात पडणे अपेक्षित असते. त्याला काम करण्यासाठी भूसंपर्क तारेची गरज नसते. त्यामुळे घराची जोडणी बदलणे तातडीने शक्य नसेल, तर आरसीसीबी बसवणे हा सर्वांत उपयुक्त तात्पुरता उपाय ठरतो. जुन्या दाब-चालित ईएलसीबीला मात्र भूसंपर्क आवश्यक असतो. बोलीभाषेत दोन्हींना ‘ईएलसीबी’च म्हटले जात असल्याने खरेदी करताना गोंधळ होतो.

आरसीसीबीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. भूसंपर्क नसलेल्या घरात बिघाड होताच तो पडत नाही. कोणी पेटीला स्पर्श केल्यावर पडतो. म्हणजे धक्का बसतो, पण तो अल्पकाळ टिकतो. एका हाताने वीजयुक्त व दुसऱ्या हाताने तटस्थ तार धरणाऱ्या माणसाला तो वाचवू शकत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या परिपथाला इन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या आरसीसीबीचे संरक्षण मिळत नाही. त्यावरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून तो पडतो की नाही, हे पाहणे इष्ट असते.

विलगक रोहित्र: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या असतात, त्यामुळे दुय्यम बाजूच्या एका तारेला स्पर्श केल्यास जमिनीकडे जाणारा परिपथ पूर्ण होत नाही. ज्याची तपासणी करायची ते उपकरण विलगक रोहित्रावर लावावे, ऑसिलोस्कोप नव्हे, हा या बाबतीतील मुख्य नियम आहे. तथापि भूसंपर्कित ऑसिलोस्कोपची क्लिप परिपथाला लावताच तो बिंदू पुन्हा जमिनीला जोडला जातो आणि उरलेल्या सर्व बिंदूंपासून पूर्वीइतकाच धक्का बसू शकतो. त्या वेळी प्राथमिक बाजूचा आरसीसीबी पडत नाही, कारण त्याला धारांतील फरक दिसतच नाही.

भेदमापक प्रोब: डिफरन्शिअल प्रोब दोन बिंदूंमधील दाब मोजतो आणि दोन्ही बिंदू ऑसिलोस्कोपच्या पेटीपासून दूर ठेवतो. मुख्य वाहिनीशी जोडलेल्या परिपथासाठी ही सर्वांत योग्य पद्धत आहे. तो उपलब्ध नसेल तर दोन समान प्रोबांची केवळ टोके दोन बिंदूंना लावून एका चॅनेलमधून दुसरा वजा करता येतो; क्लिपा परिपथाला लावत नाहीत. ही पद्धत ऑसिलोस्कोप भूसंपर्कित असतानाच भरवशाची असते आणि प्रोब ३२५ व्होल्टच्या शिखर-दाबासाठी योग्य असावा लागतो.

बॅटरीवरील साधने: भूसंपर्क नसलेल्या घरात बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर किंवा विलग प्रवेश असलेला हातातील ऑसिलोस्कोप अधिक सुरक्षित असतो. केवळ बॅटरी असणे मात्र पुरेसे नाही. बीएनसीचे धातूचे कवच उघडे असेल, तर क्लिपेवरील दाब तेथेही येतो. संगणकाला यूएसबीने जोडायच्या ऑसिलोस्कोपमध्ये सामान्यतः क्लिप थेट संगणकाच्या धातूच्या भागाला जोडली जाते. अशा साधनाची क्लिप मुख्य वाहिनीच्या परिपथाला कधीही लावू नये.

मल्टिमीटर निवडताना आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकातील मापन-वर्ग पाहतात. सॉकेटवरील उपकरणांसाठी वर्ग २, घरातील वितरण-फलकासाठी वर्ग ३ आणि मीटरच्या बाजूच्या मुख्य जोडणीसाठी वर्ग ४ असे हे वर्ग आहेत. प्रोब धारा मोजण्याच्या १० अँपिअरच्या भोकात राहिला असताना सॉकेटमधील दाब मोजायला जाणे, ही मल्टिमीटरच्या वापरातील सर्वांत धोकादायक चूक होय. कारण तेव्हा मीटर म्हणजे जवळजवळ एक साधी तारच असते.

काम करतानाची पथ्ये

शक्य तेवढी तपासणी वीजपुरवठा पूर्ण बंद ठेवून, प्लग काढून करतात. प्लग काढल्यानंतरही मोठ्या धारित्रात ऊर्जा उरते. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात ३२५ व्होल्टला सुमारे ५ जूल ऊर्जा साठलेली असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने लघुपथन करून नव्हे, तर योग्य वॅटच्या रोधकातून (रेझिस्टर) उतरवतात आणि मग दाब मोजून खात्री करतात. प्रोब व क्लिप वीज बंद असताना जोडून, हात बाजूला घेऊन मगच वीज सुरू केली जाते. चालू परिपथात मापन करणे अटळ असेल, तर एकाच हाताने काम करणे, पायात कोरड्या चपला ठेवणे, पायाखाली रबरी चटई घेणे व अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवणे ही पथ्ये पाळली जातात. स्थिर विजेपासून घटक वाचवण्यासाठी वापरला जाणारा मनगटी पट्टा चालू परिपथावर काम करताना घालू नये, कारण तो शरीराला जमिनीशी जोडतो.

असे काम एकट्याने करू नये. शेजारी असलेल्या व्यक्तीला मुख्य स्विच कोठे आहे हे ठाऊक असावे आणि धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज बंद करायची असते, हेही तिला आधीच सांगून ठेवलेले असावे.

इतर देशांतील स्थिती

भूसंपर्क नसलेली घरे हा केवळ भारतातील प्रश्न नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकापूर्वी बांधलेल्या अनेक घरांत दोन-खाचांचे सॉकेट आढळतात. तेथील राष्ट्रीय विद्युत संहिता अशा ठिकाणी आरसीसीबीसारखे कार्य करणारे संरक्षित सॉकेट बसवण्याची मुभा देते. मात्र त्यावर ‘भूसंपर्क नाही’ अशी सूचना लावणे बंधनकारक असते. या संरक्षित सॉकेटमागील साधन चार्ल्स डाल्झील यांनीच १९६१ मध्ये शोधले होते. जपानमध्ये १०० व्होल्टचे दोन-पिनी सॉकेट आजही सर्रास वापरात असून धुलाई यंत्रासारख्या उपकरणांसाठी भूसंपर्काचा वेगळा स्क्रू दिलेला असतो. ब्रिटनमध्ये १९४७ च्या बीएस १३६३ या मानकानुसार प्रत्येक सॉकेटला भूसंपर्क असतो.

हेही पाहा

भूसंपर्कन
विद्युत धक्का
ऑसिलोस्कोप
मल्टिमीटर
रोहित्र
वितळतार